गर्भातला विषाणू सोनोग्राफीत शोधताना : आधी तारीख, मग मशीन

मोठ्याला शाळेतून कांजिण्या आल्या, धाकटं अजून पोटात आहे, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नवरा-बायको सोनोग्राफीच्या रांगेत हजर. "मॅडम, बाळाला काही झालं नाही ना? आत्ताच बघून सांगा." मी बघते, ठोके ऐकवते आणि सांगते की आजच्या सोनोग्राफीतून यातलं काहीच कळणार नाही. दोघं जरा नाराजच होऊन जातात. आणि ज्या आठवड्यात खरंच यायला हवं त्या आठवड्यात मात्र येत नाहीत, कारण 'सोनोग्राफी तर नॉर्मल आली होती'.

हा लेख त्या चुकीसाठी आहे. सोनोग्राफीत विषाणू दिसत नाही. विषाणूने बाळाच्या मेंदूत, यकृतात किंवा रक्तात जो बिघाड केला त्याच्या खुणा दिसतात, आणि त्या उमटायला काही आठवडे जावे लागतात. काही बाळांमध्ये संसर्ग असूनही एकही खूण उमटत नाही. म्हणून या सगळ्या प्रकारात मशीनपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं. हे गरोदर बाईसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी लिहिते आहे, पण 'टॉर्च करून आणा' (टॉर्च म्हणजे बाळाला बाधणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा संच) असं सहज चिठ्ठीवर खरडणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनीही वाचलं तर बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे दोन्ही विषाणू आईकडून बाळाला जाऊ शकतात, पण सोनोग्राफीत त्यांचा मागमूस लागत नाही. ते फक्त रक्तात कळतात आणि दोन्हींवर वेळेत केलेल्या उपायांनी बाळाला वाचवता येतं. पहिल्या भेटीतल्या या तपासण्या 'सोनोग्राफी चांगली आहे' म्हणून टाळू नका.

टप्पा १ : तारखा पक्क्या करा

एक कोरा कागद घ्या. त्यावर पुढच्या गोष्टी लिहा आणि तो फाइलच्या पहिल्या पानाला लावा.

– शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, आणि पाळी नियमित होती का.
– पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि त्यातली बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, मिलिमीटरमध्ये.
– ताप, पुरळ, सांधेदुखी, गाठी, डोळे लाल होणं यातलं काही झालं असेल तर पहिल्या दिवसाची तारीख. 'मध्यंतरी जरा कणकण होती' हे चालणार नाही.
– घरात, शाळेत, पाळणाघरात कोणाला पुरळ आलं, आणि त्याच्याशी शेवटचा संपर्क कधी आला.
– लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, रुबेलाची लस घेतली होती का. आईला, मावशीला फोन करून विचारा.
– नवऱ्याला ताप येऊन गेला का. झिकासाठी हे लागतं, आणि हे कोणीच लिहीत नाही.

सीआरएल का हवी? कारण 'बाळाचं डोकं लहान आहे' ही विषाणू-संसर्गाची मोठी खूण, आणि लहान की मोठं हे आठवड्यांच्या हिशोबावरच ठरतं. दीड-दीड महिन्याने पाळी येणाऱ्या एका मुलीला पाळीवरून २० आठवडे धरले होते. डोकं लहान म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. सुरुवातीची सोनोग्राफी शोधून काढली तर बाळ जेमतेम १८ आठवड्यांचं. डोकं वयाप्रमाणे अगदी बरोबर होतं. मधले चार दिवस ती जेवली नव्हती.

तपासून घ्या : महिन्यांत बोलू नका, आठवड्यांत बोला. 'पाचवा लागला' आणि 'पाचवा सरला' यात महिन्याचा फरक पडतो, आणि घरात दोन्हीला 'पाचवा'च म्हणतात.

टप्पा २ : संशय नेमका कोणावर, ते ठरवा

प्रत्येक विषाणूची चाल वेगळी, म्हणून रक्त वेगळं आणि सोनोग्राफीची वेळही वेगळी.

सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही. जन्मजात संसर्ग करणाऱ्या विषाणूंमध्ये हा सगळ्यात जास्त आढळतो आणि याचंच नाव घरात कोणाला माहीत नसतं. मोठ्या माणसात तो साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो, बहुतेकदा तेवढाही नाही. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत तो महिनोन्‌महिने असतो. आपल्याकडे आई मुलाच्या ताटलीतलं उष्टं संपवते, त्याच चमच्याने स्वतः खाते, तोंडातून पडलेली बिस्किटाची ओली कड उचलून आपल्याच तोंडात टाकते. दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईला मी पहिला प्रश्न हाच विचारते. भारतात बहुतेक बायकांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. जुना विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा दुसऱ्या जातीचा येऊ शकतो. संसर्ग पहिल्यांदाच आणि पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला खरी इजा होण्याची भीती. गंमत अशी की शेवटच्या महिन्यांत विषाणू बाळापर्यंत जास्त सहज पोहोचतो, पण इजा फारच कमी करतो.

पार्व्हो बी-१९. शाळेतल्या मुलांचे गाल थप्पड मारल्यासारखे लाल होतात, तो हा. बाळाचं रक्त बनवणाऱ्या पेशींवर घाला घालतो, त्यामुळे बाळाला पंडुरोग होतो आणि अंगात पाणी भरतं. २० आठवड्यांच्या आत झाला तर जास्त घातक. पण या सगळ्या यादीत हा एकच असा की वेळेवर पकडला तर बाळाला पोटातच रक्त देऊन वाचवता येतं.

कांजिण्या. लहानपणी झाल्या असतील तर निवांत राहा. झाल्या नसतील आणि गरोदरपणात झाल्या, तर १३ ते २० आठवड्यांत बाळाला जन्मजात व्यंगाचा धोका शंभरात सुमारे दोन, त्याआधी त्याहूनही कमी. म्हणजे अठ्ठ्याण्णव बाळं ठीक असतात. हा आकडा मी मुद्दाम मोठ्याने सांगते.

रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. पहिल्या १२ आठवड्यांत झाला तर फार वाईट, २० आठवड्यांनंतर सहसा काही करत नाही. राज्यात २०१८च्या अखेरीस गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, पण तेव्हा पंधरा वर्षांच्या पुढे असलेल्या मुली त्यात नव्हत्या. गरोदरपणात ही लस घ्यायची नाही. नकळत घेतली गेली असेल तर तेवढ्यासाठी गर्भ पाडण्याचं कारण नाही.

झिका. महाराष्ट्रात पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण निघाले आणि त्यांत गरोदर बायकाही होत्या. त्या जुलैत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गरोदर बायकांची झिकासाठी तपासणी करा आणि संसर्ग आढळलेल्यांच्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा. डास चावून होतो तसा तो नवऱ्याकडून शरीरसंबंधातूनही येतो. म्हणून कागदावर नवऱ्याचा ताप.

सावधान : कांजिण्या किंवा रुबेलाचा संशय असेल तर प्रसूतीच्या ओपीडीत सरळ जाऊन बसू नका. आधी फोन करा. शेजारी बसलेली बाईही गरोदर असते.

टप्पा ३ : रक्त योग्य क्रमाने तपासा

इथे जितका घोळ होतो तितका कुठेच होत नाही.

टॉर्च म्हणून जी यादी असते त्यात आठ-दहा आकडे येतात. त्यात टॉक्सोप्लाझ्माही असतो, जो विषाणूच नाही, परजीवी आहे. आकड्यांपुढे तारा छापलेला दिसला की घरात रडारड. म्हणून आधी दोन शब्द समजून घ्या. दोन्ही प्रतिपिंडांची नावं आहेत, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे बनवतं त्याची. आयजीजी म्हणजे जुन्या ओळखीची खूण : हा विषाणू शरीराने कधीतरी पाहिला आहे, किंवा त्याची लस घेतली आहे. आयजीएम म्हणजे बहुधा अलीकडची ओळख. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा, कारण आयजीएम काही जणींत कित्येक महिने टिकून राहतो, आणि खोटाही येतो.

१. फक्त आयजीजी वाढलेला : आजार नाही. कितीही मोठा आकडा असला तरी. यासाठी गोळ्या घ्यायच्या नाहीत, गर्भ तर अजिबात पाडायचा नाही. रुबेलाचा आयजीजी असणं ही आनंदाची बातमी आहे.

२. दोन्ही नाहीत : पूर्वी संसर्ग झालेला नाही, म्हणजे आता होऊ शकतो. संपर्क आला असेल तर तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या. वेगळ्या लॅबच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

३. आयजीएम आहे : इथे थांबा आणि आयजीजी-अॅव्हिडिटी मागा. शरीराची प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट धरतात ते ही तपासणी सांगते. नवी प्रतिपिंडं सैल धरतात, जुनी घट्ट. पहिल्या १२ आठवड्यांत अॅव्हिडिटी जास्त आली तर सीएमव्हीचा संसर्ग बहुधा दिवस जाण्याआधीचा. कमी आली तर गेल्या तीनेक महिन्यांतला. पाचव्या महिन्यात ही तपासणी केली तर उत्तर धूसर होतं, कारण 'जास्त अॅव्हिडिटी'चा अर्थ मग पहिल्या तिमाहीतला संसर्ग असाही निघू शकतो. म्हणून सुरुवातीच्या रक्ताचा नमुना लॅबने जपून ठेवला असेल तर तोच तपासायला सांगा.

झिकाला हा प्रतिपिंडांचा खेळ फारसा चालत नाही. आपल्याकडे डेंगी इतका आहे की दोघांची प्रतिपिंडं एकमेकांत मिसळतात. तिथे रक्त आणि लघवी दोन्हींची पीसीआर, म्हणजे थेट विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी हवी, आणि ताप आल्यावर लवकर.

एक गोष्ट मनापासून सांगते. वारंवार गर्भपात होतात म्हणून टॉर्च करून, त्यातल्या आयजीजीवर महिनोन्‌महिने उपचार घेतलेल्या बायका माझ्याकडे अजून येतात. वारंवार गर्भपाताच्या शोधात टॉर्चचा उपयोग नाही. त्या पैशात दुसऱ्या कामाच्या तपासण्या होतात.

तपासून घ्या : कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, पूर्वी झाल्याचं आठवत नाही, आणि रक्तातही आयजीजी नाही? मग सोनोग्राफीचा विचार नंतर. संपर्कापासून दहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. तसंच सीएमव्हीचा पहिलाच संसर्ग पहिल्या तिमाहीत पक्का झाला तर व्हॅलासायक्लोव्हिर मोठ्या मात्रेत, रोज ८ ग्रॅम, दिल्याने बाळापर्यंत पोहोचणारा संसर्ग कमी होतो असं २०२०मध्ये इस्रायलमधल्या चाचणीत दिसलं. हे औषध मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवूनच तज्ज्ञाने द्यायचं, पण देऊन उपयोग व्हायचा तर लवकर. सोनोग्राफीत खूण दिसण्याची वाट बघत बसलात तर ही वेळ निघून जाते.

टप्पा ४ : सोनोग्राफी कोणत्या आठवड्यात

नेहमीच्या सोनोग्राफी ठरलेल्याच ठेवा : ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एक, १८ ते २० आठवड्यांत व्यंग शोधण्याची दुसरी. त्यावर संसर्गाप्रमाणे भर घालायची.

सीएमव्ही : रक्तात पक्कं झाल्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, शेवटपर्यंत. मेंदूतल्या खुणा २८ आठवड्यांनंतरही नव्याने दिसू शकतात. २० आठवड्यांची सोनोग्राफी चांगली आली म्हणून इथे सुटका नाही.

पार्व्हो : साधारण १६ आठवड्यांपासून दर एक-दोन आठवड्यांनी, संपर्कानंतर बारा आठवडे होईपर्यंत. इथे महिन्याचं अंतर ठेवलं तर मधेच बाळ जाऊ शकतं. एवढी घाई यादीतल्या दुसऱ्या कुठल्याच विषाणूत नाही.

कांजिण्या : आईला पुरळ आल्यापासून किमान पाच आठवड्यांनी, आणि १६ आठवड्यांच्या आधी नाही. सुरुवातीला सांगितलेल्या नवरा-बायकोला मी हाच हिशोब लिहून दिला होता.

झिका : दर तीन-चार आठवड्यांनी डोक्याचा घेर.

रुबेला : सोनोग्राफीवर फार विसंबू नका. बहिरेपण सोनोग्राफीत दिसत नाही आणि मोतीबिंदू दिसेलच असं नाही. इथे निर्णय रक्त आणि गर्भजलावर होतो.

टप्पा ५ : मशीनवर काय, कोणत्या क्रमाने

हा भाग सोनोग्राफी करणाऱ्यासाठी जास्त आहे, पण रिपोर्ट वाचणाऱ्यालाही यातून प्रश्न सुचतील. जाताना तो पहिल्या टप्प्यातला कागद न्या, आणि संशय काय आहे ते झोपण्याआधी सांगा. अर्ज भरताना ओळखपत्र लागतं, गर्भलिंग-निदानबंदीच्या कायद्याप्रमाणे एफ फॉर्म भरावा लागतो, आणि मुलगा की मुलगी हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही.

डोकं. मी इथून सुरुवात करते आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ देते. घेर कवटीच्या बाहेरच्या कडेने मोजायचा. सरासरीपेक्षा दोन एककं खाली असेल तर लक्ष ठेवायचं, तीन एककं खाली असेल तरच 'डोकं लहान' असा शब्द वापरायचा. ही एककं म्हणजे प्रमाण विचलन, रिपोर्टात एसडी असं लिहितात. मग मेंदूतले पाण्याचे कप्पे : मागच्या भागात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, कप्प्याला काटकोनात. १० मिलिमीटरपर्यंत ठीक, १५च्या पुढे गंभीर. प्रोबच्या, म्हणजे पोटावर फिरवायच्या मुठीच्या, बाजूचा कप्पा कवटीच्या सावलीत हरवतो आणि दूरचाच मोजला जातो. बाळ हलण्याची वाट बघून दोन्ही मोजा.

पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम. ते कुठे आहेत यावरून विषाणूचा माग लागतो. सीएमव्हीत ते कप्प्यांच्या कडेने असतात, झिकात मेंदूच्या बाहेरच्या आणि आतल्या थराच्या सीमेवर. कप्प्यांत आडवे पडदे, कानाच्या बाजूच्या भागात पाण्याच्या गाठी असतील तर सीएमव्हीकडे बोट जातं. बाळ डोक्यावर असेल तर योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी मेंदू खूपच स्पष्ट दाखवते. बायका याला घाबरतात. बाळाला धक्का लागत नाही.

पोट. आतडं पांढरं दिसणं ही सगळ्यात जास्त चुकीची लिहिली जाणारी खूण. आजकालच्या मशीनवर, जास्त फ्रीक्वेन्सीच्या प्रोबने आणि हार्मोनिक, म्हणजे चित्र जास्त ठसठशीत करणारी सोय, चालू ठेवून बघितलं तर निम्म्या बाळांचं आतडं पांढरं दिसेल. मी काय करते सांगते : हार्मोनिक बंद, कमी फ्रीक्वेन्सीचा प्रोब, आणि एकाच चौकटीत बाळाच्या कमरेचं हाड आणि आतडं दोन्ही धरते. मग गेनची, म्हणजे चित्राचा उजळपणा ठरवणारी, कळ हळूहळू खाली. पडदा काळवंडत जातो, स्नायू जातात, यकृत जातं. शेवटी फक्त हाड उरलं आणि आतडं आधीच विझलं तर ते पांढरं नाही. हाडाबरोबर आतडंही तितकंच उजळ उरलं, तरच रिपोर्टात लिहायचं. दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्याने कितीतरी घरांची झोप उडते.

यानंतर यकृत आणि प्लीहा मोठे आहेत का, यकृतात ठिपके आहेत का, पोटात पाणी आहे का.

छाती : हृदय मोठं दिसतंय का, हृदयाभोवती किंवा फुप्फुसांभोवती पाणी आहे का.

रक्तप्रवाह. पार्व्होचा संशय असेल तर मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग बघायचा, ज्याला एमसीए डॉपलर म्हणतात. रक्त पातळ झालं की ते वेगाने धावतं, एवढं साधं तत्त्व. बाळ शांत असताना, धमनीच्या उगमाजवळ, कोन शून्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवून किमान तीन वेळा मोजा. त्या आठवड्याच्या मध्यक (मीडियन) आकड्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे १.५ एमओएमच्या वर, असेल तर पंडुरोगाचा संशय पक्का. प्रोबचा दाब जास्त पडला, बाळ हलत असलं किंवा कोन चुकला तर आकडा फसवतो.

वार आणि गर्भजल : वार जाड आहे का, पाणी कमी-जास्त आहे का. मग हातपाय. कांजिण्यांत एखादा हात किंवा पाय आखूड राहतो. शेवटी वाढ.

सावधान : 'टॉर्चची लक्षणं नाहीत' असं रिपोर्टात लिहिलं तरी त्याचा अर्थ 'संसर्ग नाही' असा होत नाही. सीएमव्ही झालेल्या बाळांपैकी कित्येकांची सोनोग्राफी शेवटपर्यंत स्वच्छ असते.

टप्पा ६ : खूण दिसली तर

एकटी खूण आणि खुणांचा घोळका यात जमीन-अस्मानाचा फरक. एकटं पांढरं आतडं बाळाने गर्भजलातलं रक्त गिळलं तरी दिसतं. डाउन सिंड्रोममध्ये दिसतं, वारेचं रक्त कमी पडून वाढ खुंटली तरी दिसतं. कप्पे मोठे होण्याची कारणंही डझनभर. म्हणून त्याच दिवशी 'व्हायरस आहे' असं म्हणायचं नाही.

क्रम असा ठेवा : आधी आठवड्यांचा हिशोब पुन्हा तपासा. मग आईचं रक्त, सीएमव्हीची अॅव्हिडिटी धरून. गर्भवैद्यकतज्ज्ञाकडून दुसरी सोनोग्राफी. गुणसूत्रांचा प्रश्न बाजूला ठेवू नका. दोन-तीन खुणा एकत्र असतील, उदाहरणार्थ पांढरं आतडं, कप्प्यांच्या कडेने ठिपके आणि खुंटलेली वाढ, तर मात्र वेळ घालवू नका.

टप्पा ७ : गर्भजलाची तपासणी

बाळाला संसर्ग झाला का, याचं पक्कं उत्तर इथेच मिळतं : पोटातून सुई घालून थोडं गर्भजल काढायचं आणि त्यात विषाणूची पीसीआर करायची. विषाणू बाळाच्या लघवीतून पाण्यात उतरतो. म्हणून सीएमव्हीसाठी दोन अटी एकदम पाळाव्या लागतात. गर्भ साधारण २१ आठवडे पूर्ण केलेला हवा, आणि आईच्या संसर्गाला सहा ते आठ आठवडे झालेले हवेत. १७व्या आठवड्यात पाणी काढून 'निगेटिव्ह' घेऊन हसत गेलेली आणि नंतर बाळात सीएमव्ही निघाला अशी केस मी पाहिली आहे. चूक लॅबची नव्हती, तारखेची होती. कांजिण्यांत फोड पूर्ण सुकल्याशिवाय सुई घालायची नाही.

जाण्याआधी :
– रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ठरवून ठेवा.
– एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट सोबत हवेत.
– त्याच पाण्यात गुणसूत्रांची तपासणीही करायची का, हे आधीच ठरवा. दुसऱ्यांदा सुई नको.
– गर्भ जाण्याचा धोका अनुभवी हातात हजारात एक ते तीन. कमी आहे, पण शून्य नाही, आणि तो संमतीच्या कागदावर सही करण्याआधी ऐकून घ्यायचा.

आता कॅलेंडर पुन्हा काढा. पाणी २१ आठवड्यांनंतर, पीसीआरचा रिपोर्ट काही दिवसांनी, गुणसूत्रांचा साधारण दोन आठवड्यांनी. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत परवानगी देतो. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. म्हणजे विचार करायला हातात जेमतेम आठवडा-दोन आठवडे उरतात. पाणी काढायची तारीख लांबवली तर तेवढेही उरत नाहीत.

पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे बाळ आजारी, असं नाही. बाळापर्यंत विषाणू पोहोचला, एवढंच. सोनोग्राफी स्वच्छ असेल तर अशी बहुतेक बाळं चांगली वाढतात. हा फरक समजावून न सांगता नुसता रिपोर्ट हातात देणं मला निर्दयपणाचं वाटतं.

टप्पा ८ : प्रसूतीपर्यंत

सीएमव्ही पॉझिटिव्ह असेल तर दोन-तीन आठवड्यांनी डोकं, आतडं, यकृत, वाढ. ३०-३२ आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या मेंदूचा एमआरआय. मेंदूच्या घड्यांमधला बिघाड त्यात सोनोग्राफीपेक्षा नीट कळतो. पार्व्होत डॉपलर १.५च्या वर गेला तर त्याच दिवशी गर्भात रक्त देण्याची सोय असलेल्या केंद्राला फोन. अशी केंद्रं मोजक्याच शहरांत असतात, म्हणून रुग्ण जिल्ह्याच्या गावी असेल तर पत्ता आधीपासून माहीत असावा. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला कांजिण्या आल्या तर बालरोगतज्ज्ञाला लगेच सांगा. तेव्हा नवजात बाळाला फार जोराचा आजार होऊ शकतो.

टप्पा ९ : जन्मानंतरचे २१ दिवस

आपल्याकडे सोनोग्राफी सासरच्या गावी आणि बाळंतपण माहेरी. फाइल कपाटात राहते आणि माहेरचे डॉक्टर बाळाला बघून 'छान आहे' म्हणतात. पहिल्या टप्प्यातला कागद सातव्या महिन्यातच माहेरच्या पिशवीत टाका.

सीएमव्हीचा संशय असलेल्या बाळाची लघवी किंवा लाळ पहिल्या तीन आठवड्यांतच पीसीआरला गेली पाहिजे. त्यानंतर विषाणू सापडला तर तो पोटातला की आईच्या दुधातून आलेला, हे सांगता येत नाही. बारसं बाराव्या दिवशी असतं. नमुना त्याच्या आधी द्या, पाहुणे आल्यावर कोणाला आठवत नाही. लाळ घ्यायची असेल तर अंगावर पाजल्यानंतर किमान तासाभराने, आणि लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करा. लक्षणं असलेल्या बाळाला औषध द्यायचं ठरलं तर ते पहिल्या महिन्यात सुरू करायचा प्रयत्न असतो.

कानांची तपासणी जन्मतः चांगली आली तरी तिथे थांबू नका. सीएमव्हीत ऐकणं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही कमी होऊ शकतं, म्हणून बेरा तपासणी ठरलेल्या अंतराने करत राहायची. बाळ आवाजाकडे वळत नसेल तर 'मुलगे उशिराच बोलतात' हे ऐकून घरी बसू नका. पुढची तारीख घेऊनच दवाखान्यातून निघा.